वाटेचा हक्क

सेलूच्या आमच्या गल्लीतली एक सकाळ आपल्यासमोर ठेवतो. फज्रची नमाज आटोपून मंडळी मशिदीतून बाहेर पडत होती. मुले छातीशी सिपारे धरून मक्तबाकडे निघाली होती. रेल्वे स्टेशनाकडे जाणारे प्रवासी पिशव्या सावरत घाईने चालले होते. याच वेळी आमचे एक शेजारी रोजच्याप्रमाणे आपल्या कुत्र्याला साखळी लावून फिरायला निघाले. कुत्र्याने दोन-तीन भिंती हुंगल्या, एका घराच्या पायरीजवळ तो बसला, आणि आपले काम उरकून मालकासह पुढे निघून गेला. थोड्याच वेळात मक्तबाला जाणाऱ्या सात-आठ वर्षांच्या एका मुलाचा पाय नेमका त्या घाणीत पडला. मुलगा रडवेला होऊन वुजूच्या नळाखाली चप्पल धूत बसला. कपड्यांवर शिंतोडे उडाले, म्हणून आता सिपाऱ्याला हात लावावा की नाही, हे त्याला कळेना.

मला राग आला. मी शेजाऱ्यांच्या दारात जाऊन चार शब्द सुनावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "चाचा, कुत्र्याचे मी मान्य करतो, चूक माझीच आहे. पण तुमच्या दारात रस्त्यावर बांधलेल्या शेळ्यांच्या लेंड्या आणि मूत मी रोज ओलांडतो. ते कोणी साफ करायचे?"

मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. पाळीव जनावर मुके असते. त्याला विवेक दिलेला नाही, म्हणून शरीअतचे बंधनही त्याच्यावर नाही. मग त्याने सार्वजनिक वाटेवर केलेली घाण कोणाच्या खात्यावर लिहिली जाते? कोणाच्याच नाही, की जो त्याला दोरी किंवा साखळी बांधून स्वतःचे म्हणवतो त्याच्या? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे आढळले, ते आपणही माझ्यासोबत पाहावे.

कुत्रा आमचा नव्हे!

हा विषय निघाला की आपल्यापैकी अनेकांचा पहिला उद्गार ठरलेला असतो: "आम्ही कुत्रा पाळतच नाही, मग याच्याशी आमचा काय संबंध?" म्हणून आधी कुत्र्याविषयी इस्लामची शिकवण नेमकी काय आहे, ते थोडक्यात पाहू.

दिव्य कुरआनच्या सूरह माइदामध्ये शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावरांनी पकडून आणलेली शिकार हलाल ठरवलेली आहे. सूरह कहफमध्ये गुहेत आश्रय घेतलेल्या श्रद्धावान तरुणांसोबत त्यांच्या उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख आहे, आणि त्या तरुणांची संख्या सांगताना त्यालाही मोजलेले आहे. दुसरीकडे, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आदरणीय प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची अशी शिकवण आहे की शिकार, गुराढोरांची राखण आणि शेतीची राखण यांखेरीज जो कुत्रा पाळतो, त्याच्या पुण्यातून दररोज घट होत जाते. याचा अर्थ स्पष्ट आहे. गरजेसाठी कुत्रा पाळण्यास मुभा आहे, केवळ हौसेसाठी नाही. आपल्या परभणी जिल्ह्यात शेतातल्या आखाड्यावर, शेळ्यामेंढ्यांच्या कळपाबरोबर कुत्रा असतो, तो या मुभेतच बसतो.

पवित्रतेबाबत विद्वानांमध्ये मतभेद आहेत. कोकणातले आपले बहुतेक बांधव इमाम शाफई (रह.) यांचे अनुयायी आहेत. त्यांच्या मताप्रमाणे कुत्रा सर्वांगाने अपवित्र आहे. मराठवाड्यात बहुसंख्येने हनफी मत पाळले जाते. त्यानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे, परंतु त्याचे कोरडे अंग लागल्याने कपडा नापाक होत नाही. इमाम मालिक (रह.) तर जिवंत कुत्र्याला मुळात पाकच मानतात. मात्र त्याच्या विष्ठेला कोणीही पाक म्हटलेले नाही. आणि येथेच आपण शेळीकडेही वळू. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते शेळीचे मूतदेखील नापाकच आहे. तिची नापाकी सौम्य प्रकारात, म्हणजे 'खफीफा' या वर्गात, मोजली जाते एवढेच. म्हणून "कुत्र्याची घाण ती घाण आणि आमच्या शेळीची ती काहीच नाही" हा युक्तिवाद आपल्याच फिकहच्या ग्रंथांसमोर टिकत नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. नापाकीपासून जपणे वेगळे आणि जनावराचा द्वेष करणे वेगळे. प्रेषितांनी (सल्ल.) एका वाटसरूची हकिकत सांगितली आहे. तो तहानेने व्याकूळ होऊन विहिरीत उतरला आणि पाणी पिऊन वर आला. पाहतो तो एक कुत्रा तहानेपोटी ओली माती चाटत होता. तो पुन्हा विहिरीत उतरला, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरले, मोजा दातांत धरून वर चढला आणि कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याच्या या कृत्याची कदर केली आणि त्याला क्षमा केली. सहाबांनी विचारले की जनावरांच्या बाबतीतही आम्हाला पुण्य मिळते काय? उत्तर मिळाले की प्रत्येक सजीवाच्या बाबतीत पुण्य आहे. तेव्हा गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारून आपण फार पवित्र झालो, असे ज्यांना वाटते त्यांनी ही हदीस स्मरणात ठेवावी. आपला प्रश्न जनावराशी नाहीच, मालकाशी आहे.

वाट कोणाची?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. घर माझे, अंगण माझे, जनावर माझे. पण वाट कोणाची? आपण घरापुढच्या रस्त्याला सहजपणे "आमचे दार" म्हणतो आणि तेथे दोरी, खुंटी, दुचाकी, बाज, सगळे मांडतो. इस्लामची शिकवण याहून वेगळी आहे. प्रेषितांनी (सल्ल.) सहाबांना वाटेवर बैठका मारण्यापासून रोखले. त्यांनी सांगितले की त्यांना त्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा त्यांना आज्ञा झाली की मग वाटेला तिचा हक्क द्या. तो हक्क कोणता, हे विचारल्यावर जे सांगितले गेले त्यात नजर खाली ठेवणे, सलामला उत्तर देणे, भल्याची शिकवण देणे आणि वाईटापासून रोखणे यांच्याबरोबरच कोणाला उपद्रव न देणे हाही होता. विचार करा, प्रेषितांनी (सल्ल.) वाटेलाही हक्कदार ठरवले. आणि वाटेचा हक्क म्हणजे शेवटी तिच्यावरून चालणाऱ्या प्रत्येक माणसाचा हक्क, मग तो कोणत्याही धर्माचा, जातीचा असो.

दुसऱ्या एका हदीसमध्ये लोकांच्या वाटेवर किंवा त्यांच्या सावलीच्या जागी शौच करणाऱ्याचे कृत्य लोकांचा शाप ओढवून घेणारे सांगितले आहे. तेथे कृत्य माणसाचे आहे, हे खरे. पण मनाई का आहे, याचा विचार करा. लोक जेथून चालतात आणि जेथे विसावतात, ती जागा त्यांच्यासाठी निरुपयोगी व्हावी, हेच तर तिचे कारण आहे. ज्या माणसाने आपले जनावर मुद्दाम तेथे आणून बसवले आणि घाण तशीच ठेवून गेला, त्याच्या कृत्यातही तेच कारण हजर आहे.

आपल्या पूर्वसूरींनी या बाबी किती बारकाईने तपासल्या होत्या, हे पाहून मन थक्क होते. इमाम गजाली (रह.) यांचे निधन इसवी सन १११1 मध्ये झाले. 'इह्या उलूमिद्दीन' या त्यांच्या ग्रंथात वाईटापासून रोखण्याच्या प्रकरणात त्यांनी रस्त्यांवरील अनिष्ट गोष्टींची स्वतंत्र नोंद केली आहे. वाट अडेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे खराब होतील अशा रीतीने जनावरे रस्त्यावर बांधणे, खाटकाने दुकानाच्या दारातच कापणी करून रस्ता रक्ताने माखणे, कचरा आणि कलिंगडाच्या साली वाटेवर फेकणे, पाय घसरेल इतके पाणी शिंपडणे, हे सारे त्यांनी त्यात मोजले आहे. जणू आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावातून ते फेरफटका मारून आले असावेत!

त्याच ठिकाणी त्यांनी दारात बांधलेल्या कुत्र्याचाही विचार केला आहे. कुत्रा चावरा असेल आणि लोकांना त्रास देत असेल, तर मालकाला रोखणे आवश्यक आहे. तो पाय पसरून वाट अडवत असेल तरीही रोखावे. मात्र त्याचा त्रास केवळ रस्ता घाण होण्यापुरता असेल आणि त्या घाणीपासून लोकांना स्वतःला वाचवता येणे शक्य असेल, तर मालकाला मनाई करू नये, असे ते म्हणतात.

हे शेवटचे मत माझ्या शेजाऱ्यांच्या बाजूचे आहे आणि ते लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण त्यातली अट पाहा: घाणीपासून वाचता येणे शक्य असेल तर. आमच्या गल्ल्यांची रुंदी आपण जाणताच. एका बाजूला उघडी नाली, दुसऱ्या बाजूला लावलेल्या दुचाक्या, मधून जाणारी रिक्षा. पहाटेच्या अंधारात वीज गेलेली असेल तर डोळस माणसालाही दिसत नाही. मग अधू दृष्टीचे वृद्ध, काठी टेकत चालणाऱ्या आजी आणि धावत निघालेली मुले यांनी वाचावे कसे? शिवाय इमाम साहेब येथे हे सांगत आहेत की समाजाने बळाने कोणाला कितपत रोखावे. समाज मला रोखू शकत नाही म्हणून अल्लाहसमोर माझ्यावर काहीच देणे नाही, असा त्याचा अर्थ कधीच होत नाही.

ग्रंथ उघडला आणि आरसा दिसला

खरे सांगायचे तर मी फिकहचा ग्रंथ उघडला तो शेजाऱ्यांची चूक सिद्ध करण्यासाठी. 'हिदाया' हा इमाम मर्गीनानी (रह., निधन इसवी सन ११९७) यांचा हनफी फिकहचा मान्यवर ग्रंथ होय. भारतात त्याचा अभ्यास मदरशांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यात जनावरांमुळे होणाऱ्या नुकसानीचे एक प्रकरण आहे, आणि त्याच्या मुळाशी एक सुंदर तत्त्व आहे. सार्वजनिक वाटेचा वापर प्रत्येकाला मोकळा आहे, परंतु इतरांच्या सुरक्षिततेच्या अटीवर. कारण वाट वापरणारा एका अर्थी स्वतःचा हक्क बजावत असतो आणि दुसऱ्या अर्थी इतरांच्या हक्कात पाऊल टाकत असतो.

या तत्त्वावरून पुढील निर्णय दिले आहेत. स्वार वाटेने जात असताना त्याच्या जनावराने लीद टाकली किंवा मूत्र केले आणि त्यावरून कोणी घसरून दगावला, तर स्वारावर भरपाई नाही. कारण चालत्या जनावराच्या बाबतीत हे टाळणे माणसाच्या हातात नसते. त्यासाठीच त्याने क्षणभर जनावर थांबवले असेल तरीही त्याला सूट आहे. मात्र दुसऱ्याच कारणासाठी त्याने जनावर रस्त्यात उभे केले, आणि तेथे त्याने घाण केली, व त्यामुळे कोणाला इजा झाली, तर मालक जबाबदार आहे. रस्ता जाण्यासाठी आहे. जनावर उभे करून ठेवणे ही प्रवासाची गरज नव्हे, ते हद्द ओलांडणे होय.

वाचकहो, हा मजकूर वाचून मी ग्रंथ मिटला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण या निर्णयाच्या पकडीत सर्वप्रथम माझ्या शेळ्या येत होत्या. त्या वाटेने चालल्या नव्हत्या, मी त्यांना वाटेवर बांधून ठेवले होते. अंगणात जागा असूनही बांधले होते, कारण अंगण स्वच्छ राहावे अशी माझी इच्छा होती! माझ्या अंगणाची स्वच्छता मी शेजाऱ्यांच्या वाटेच्या खर्चाने विकत घेत होतो.

मग शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे काय? त्याला चालत्या जनावराची सूट लागू होते काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे नाही, कारण ती सूट 'टाळणे हातात नाही' या कारणावर उभी आहे. दूरच्या प्रवासाला निघालेला घोडेस्वार प्रत्येक वेळी खाली उतरून लीद उचलू शकत नव्हता. येथे प्रवास नाही. कुत्र्याला घरातून बाहेर आणले तेच मुळी या कामासाठी. आणि उपाय हातात आहे: जुन्या वर्तमानपत्राचा एक कागद, एक खुरपे आणि एका मिनिटाचे कष्ट. कारणच उरले नाही, तर सूट कशी उरेल? हा मी काढलेला निष्कर्ष आहे, फतवा नव्हे. आपल्या ठिकाणच्या उलमांना आपण अवश्य विचारावे. पण विचारण्यापूर्वी आपल्या अंतःकरणालाही विचारावे.

अरबी भाषेत 'जुल्म' या शब्दाचा मूळ अर्थ विद्वान असा सांगतात की वस्तू तिच्या योग्य जागेऐवजी अन्यत्र ठेवणे. आपल्या विषयाला हा अर्थ किती चपखल लागू पडतो! मराठवाड्याचा शेतकरी लेंडीखताला सोन्यासारखे मानतो. मेंढपाळाला मोबदला देऊन तो त्याचा कळप आपल्या रानात बसवून घेतो. म्हणजे लेंडी शेतात पडली तर ती बरकत आहे. तीच लेंडी दुसऱ्याच्या पायरीवर पडली तर ती जुल्म आहे. वस्तू तीच, फक्त जागा बदलली. आणि जागा कोणी बदलली? शेळीने नव्हे.

डोळ्यांना न दिसणारा उपद्रव

आपल्या पूर्वीच्या विद्वानांना जे माहीत असण्याचा मार्ग नव्हता, ते आज वैद्यकशास्त्राने आपल्याला दाखवले आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून गोलकृमींची अंडी बाहेर पडतात. ताज्या विष्ठेतील अंडी लगेच रोग पसरवत नाहीत. मातीत साधारण दोन आठवडे किंवा अधिक काळ पडून राहिल्यावर ती घातक बनतात आणि पुढे कित्येक महिने तशीच टिकून राहतात. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातावाटे ती पोटात जातात आणि त्यांतील अळ्या यकृतापर्यंत, फुप्फुसापर्यंत, क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचतात. आकडेकृमींच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरतात. यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, विष्ठा वाळून दिसेनाशी झाली म्हणजे धोका संपला असे नाही. जे दिसतच नाही त्यापासून वाटसरूने स्वतःला वाचवावे कसे? इमाम गजाली (रह.) यांनी घातलेली अट येथे पुरी होऊच शकत नाही. दोन, घाण त्याच दिवशी उचलली तर ही साखळी सुरुवातीलाच तुटते.

यापुढचा भाग विशेषकरून आपल्या घरांसाठी आहे. शेळ्या, मेंढ्या आणि गुरे यांच्या कलेजीवर आणि फुप्फुसावर कधी कधी पाण्याने भरलेले पांढरे फोड आढळतात. त्यांना हायडॅटिड गाठी म्हणतात. असा अवयव कच्चा कुत्र्याच्या तोंडी पडला की काही आठवड्यांत त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी तयार होतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत, पालेभाजीवर आणि पाण्यात जातात. तेथून ती माणसाच्या पोटात गेली तर त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात तीच गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढत राहते आणि अनेकदा शस्त्रक्रियेवाचून सुटका होत नाही. आता ईदुल-अजहाच्या दुपारची आठवण करा. कुर्बानी अल्लाहसाठी केली, गोश्ताचे वाटे नीट केले, गरिबांचा वाटा पोहोचवला. आणि आतडी, फोड आलेली कलेजी, नको असलेले अवयव कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत फेकून दिले, "कुत्री खातील" म्हणून. कुत्र्यांनी ते खाल्ले आणि साखळी पूर्ण केली. मग काही महिन्यांनी आपणच तक्रार करतो की गल्लीत कुत्र्यांची घाण फार झाली! पहिला पावसाळा येताच ते सारे ओढ्या-नाल्यांतून वाहत जाते. आपल्या तालुक्यातून दुधना वाहते, ती पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. आपल्या गल्लीतून निघालेली घाण कोणाच्या घागरीपर्यंत पोहोचली, हे आपल्याला कधीच कळणार नाही. ज्याला कळते तो हिशेब विसरत नाही.

तीन सबबी

या विषयावर बोलताना तीन सबबी हमखास ऐकू येतात. पहिली, "आम्ही कर भरतो, सफाई नगरपरिषदेने करावी." नगरपरिषदेचे कर्तव्य आहेच आणि ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे. पण कर भरल्याने दुसऱ्या माणसाच्या हातून आपल्या जनावराची विष्ठा उचलून घेण्याचा अधिकार मिळतो काय? मुंबई महानगरपालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींनी पाळीव कुत्र्याची घाण साफ करण्याची जबाबदारी मालकावरच टाकली आणि न केल्यास ५०० रुपये दंड ठेवला. म्हणजे कायद्यानेही हे काम कर घेणाऱ्याचे नव्हे, जनावर पाळणाऱ्याचे मानले आहे. प्रेषितांनी (सल्ल.) मशिदीच्या भिंतीवर बेडका पाहिला तेव्हा तो स्वतः खरवडून काढला. आणि मशिदीत थुंकणे हा गुन्हा असून ते मातीत गाडून टाकणे हे त्याचे प्रायश्चित्त आहे, असे शिकवले. ज्याने घाण केली त्यानेच ती दूर करावी, हे तत्त्व याहून स्पष्ट कसे सांगावे? मशिद झाडणारी एक सामान्य स्त्री मरण पावली आणि लोकांनी तिला क्षुल्लक समजून प्रेषितांना कळवलेही नाही. तेव्हा त्यांनी तिची कबर विचारून घेतली आणि तेथे जाऊन नमाज अदा केली. झाडणाऱ्या हाताची इस्लाममध्ये ही प्रतिष्ठा आहे. आपल्या महाराष्ट्रात संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) यांनी हातात खराटा घेऊन गावोगाव हेच शिकवले. ज्या हाताचा आदर करायचा, त्याच हातावर आपण आपली घाण टाकावी काय?

दुसरी सबब, "मोकाट कुत्री आणि मोकाट जनावरे घाण करतातच, मग आमच्या एकाच्या उचलण्याने काय होणार?" दुसऱ्याचा गुन्हा हा माझा परवाना होऊ शकत नाही. निर्णयाच्या दिवशी मला माझ्या दोरीच्या टोकाला काय होते एवढेच विचारले जाईल.

तिसरी सबब सर्वांत घातक आहे: "एवढ्याशा गोष्टीत दीन कशाला आणता?" वाचकहो, ईमानच्या सत्तराहून अधिक शाखा सांगताना प्रेषितांनी (सल्ल.) सर्वोच्च शाखा कलिमा सांगितली आणि सर्वांत खालची शाखा वाटेवरील उपद्रवी वस्तू दूर करणे ही सांगितली. खालची असली तरी ती त्याच झाडाची शाखा आहे. जो दुसऱ्याने टाकलेला काटा उचलतो त्याच्यासाठी हे ईमान आहे, तर जो स्वतः काटा टाकून जातो त्याने आपल्या ईमानाविषयी काय समजावे? नमाज-रोज्यातील उणीव अल्लाह आपल्या कृपेने माफ करील अशी आशा आहे. पण माणसांच्या हक्कांचे देणे ज्याचे त्याने माफ केल्यावाचून सुटत नाही. प्रेषितांनी (सल्ल.) आपल्या समुदायातील खरा दिवाळखोर त्याला म्हटले आहे, जो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल आणि ते सारे पुण्य त्याने दुखावलेल्या लोकांत वाटले जाऊन संपून जाईल. घसरून पडलेली एखादी वृद्धा किंवा पोटात कृमी गेलेले एखादे मूल आपल्याला नावानेही माहीत नसेल. मग माफी मागायची तरी कोणाकडे?

सांगावे कसे, करावे काय

मी शेजाऱ्यांकडे रागाने गेलो, ही माझी आणखी एक चूक होती. मस्जिदे नबवीत एका खेडूताने लघवी केली तेव्हा लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना अडवले, त्याचे होऊ दिले, पाण्याची एक बादली ओतायला लावली, आणि मग त्याला प्रेमाने समजावले. घाण धुण्यास एक बादली पुरली. मन दुखावले असते तर किती बादल्या लागल्या असत्या! म्हणून ज्याला सांगायचे त्याला चारचौघांत नव्हे, एकांतात सांगावे, आणि आधी आपले दार झाडून मग सांगावे.

करण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. ज्यांनी राखणीसाठी कुत्रा पाळला आहे त्यांनी बाहेर नेताना कागद आणि खुरपे सोबत ठेवावे. घाण उचलून आपल्याच जागेत खोल खड्ड्यात पुरावी. भाजीच्या वाफ्यात किंवा नालीत टाकू नये. कुत्र्याला रेबीजची लस द्यावी आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध वेळच्या वेळी द्यावे. शेळ्या अंगणात बांधाव्यात. जागाच नसेल आणि दारात बांधणे भाग असेल, तर वाट मोकळी ठेवून सकाळ-संध्याकाळ झाडून घ्यावे आणि लेंडीखत शेतकऱ्याला द्यावे. कुर्बानीच्या वेळी टाकाऊ अवयव उघड्यावर न टाकता खोल पुरावेत किंवा नगरपरिषदेच्या गाडीतच द्यावेत. रस्त्यावरच्या मुक्या जिवांना खाऊ घालण्याचे पुण्य अवश्य मिळवावे, पण दुसऱ्याच्या पायरीजवळ किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी नव्हे, आणि उष्टे आपल्याच हाताने उचलून. आणि ही कामे मुलांसमोर, मुलांच्या मदतीने करावीत. तहारतचे धडे मुले मक्तबात पाठ करतात. ते घराच्या उंबरठ्यावर संपत नाहीत, हे त्यांनी आपल्या हातांकडे पाहून शिकावे.

त्या घटनेनंतर मी शेळ्या अंगणात घेतल्या, गल्लीतला आमच्या पुढचा भाग धुऊन काढला आणि मगच शेजाऱ्यांकडे गेलो. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता की आमच्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला काय? मला वाटा पाठवायचा नव्हता, माफी मागायची होती. मी म्हणालो, "तुमचे बरोबर होते. इतकी वर्षे तुम्ही ओलांडत आलात, मला माफ करा." ते काहीच बोलले नाहीत, फक्त चहा ठेवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुत्र्याला घेऊन निघाले तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात घडी केलेले वर्तमानपत्र होते. एखादा दिवस त्यांच्याकडून राहतो, एखादा दिवस माझ्याकडून. ज्याच्याकडून राहते त्याच्याऐवजी दुसरा उचलतो.

अल्लाह आपल्या सर्वांना वाटेचा हक्क ओळखण्याची आणि तो या जगातच चुकता करण्याची सुबुद्धी देवो. आमीन.